एकाच्या खाली आकडा नाही

होंकावारा, शनिवार, १६ मार्च

सौ. हिल्क्कावहिनींना तायमीचा नमस्कार.

हे पत्र मी हौसेने लिहीत नाही. तुमचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ टाउनो, गुरुवारपासून माझ्या स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून आहे. माझ्या स्नोमोबाइलची किल्ली तरी द्यावी, नाहीतर ती का देत नाही ते लिहून द्यावं, त्याशिवाय तो उठणार नाही म्हणतो. (लेखीच हवं, कारण तोंडी निरोप आणला की तुम्ही त्याची उलटतपासणी घेता, असं त्याचं म्हणणं. ते खरं असावं.) म्हणून हे लेखी.

तुमचा गुडघा आता वाकतो आणि काठी सुटली हे दादाकडून कळलं. जिना चढताना चांगला पाय आधी वर आणि उतरताना दुखरा आधी खाली, हे पाळत असाल अशी आशा आहे. तुम्ही रोवानिएमीत लिफ्ट असलेलं घर घेतलंत तेव्हा मी हसले होते. ते हसू मागे घेते. माझी प्रकृती उत्तम आहे.

आता मुद्दा. तुमच्यापर्यंत बातमी पोचली ती अशी, की तायमीने तळ्यापलीकडच्या घाटावरच्या सहा टपालपेट्या पाडल्या, तिला आता वळणं जमत नाहीत, वय झालं. यातला पहिला भाग खरा आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता, चांगल्या उजेडात, ताशी वीसच्या वेगाने मी तळ्यावरून घाटाकडे चढले आणि पेट्यांच्या रांगेपाशी डावीकडे वळले. हँडल जेवढं वळवायला हवं तेवढंच वळवलं होतं. गाडीने मात्र सांगितल्याच्या दुप्पट ऐकलं. पुढच्या स्की बर्फात रुतल्या आणि मागचा भाग वाऱ्याने दार उघडावं तसा फिरून पेट्यांवर गेला. सातांतली एकच पेटी उभी राहिली, ती माझी. त्यामुळे गावात माझ्या हेतूबद्दलही शंका निघाली.

ती किल्ली गेली तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबर ते मे दुकान, टपाल आणि दवाखान्याची बस सगळं सहा किलोमीटर बर्फापलीकडे. किल्ली गेली की मी वृद्धनिवासात, खोली क्रमांक चार. मी ती बघून आले आहे. खिडकीतून मोटारी दिसतात, तळं नाही. चहाच्या कपांना नावं चिकटवलेली आहेत.

तेव्हा मंगळवारी मी गाडीचं पुस्तक काढलं. गणिताची पद्धत मला कुणी शिकवायला नको: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, निकाल वहीत लिहायचा. पुस्तकात ‘वळण नीट येत नसल्यास’ असा धडा आहे. त्यात पहिला उपाय, पुढची वादी आखूड करा. (ही वादी म्हणजे गाडीच्या पोटाखालची जाड नायलॉनची पट्टी. मागच्या रबरी पट्ट्याचं पुढचं टोक ती वर धरून ठेवते. आखूड केली की गाडीचा भार स्कींवर जास्त येतो आणि स्की बर्फ घट्ट धरतात.) उणे सतराच्या थंडीत रेनडियरचं कातडं अंथरून मी गाडीखाली झोपले आणि वादी एक भोक आखूड केली. काम सोपं आहे. त्रास झाला तो अंगावरच्या जाड पोशाखाचा. तो हल्ली सैल झाला आहे (कापड आताशा ताणतं) म्हणून कमरेला दोन मोठ्या पिना लावल्या आहेत, त्या पाठीला टोचत होत्या. मग तळ्यावर रस्ता दाखवायला रोवलेल्या काठ्यांमधून आठाच्या आकड्यात गाडी फिरवून पाहिली. निकाल: आधीपेक्षा वाईट.

बुधवारी दुसरा उपाय. मागच्या दोन स्प्रिंगांना एक ते चार आकड्यांची चकती असते. आकडा जितका मोठा, तितकी स्प्रिंग कडक आणि तितका भार पुढे. आमची गाडी नवी घेतल्यापासून तीनवर होती. मी चारवर नेली. निकाल: पहिल्याच वळणाला गाडी पूर्ण फिरली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. जणू तिनेच मला सांगितलं, पुरे.

इथे एक कबुली लिहून ठेवते. तो धडा ज्यांची गाडी कमी वळते त्यांच्यासाठी होता. जास्त वळणाऱ्या गाडीचे उपाय पुढच्या पानावर होते, नेमके उलटे. मी पान उलटलं नाही. ‘प्रश्न शेवटपर्यंत वाचा’ हे वाक्य एकतीस वर्षं मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवत असे. तरीही उत्तर चुकलं तरी पद्धतीचे गुण मिळायला हवेत असं माझं मत आहे.

गुरुवारी दादा आला. दुकानापाशी मोटार लावून उभा होता, त्याला आणायला मी गेले. जाताना दोनदा गाडीसकट गरकन फिरले, ते त्याने पाहिलं नाही. येताना तो मागे बसला (त्याचं वजन अठ्ठ्याण्णव किलो, डोळे मिटलेले, वाटभर ‘हळू’ एवढा एकच शब्द) आणि वहिनी, गाडी अशी वळली, जशी शिवणकामातली सुई. मी त्याला म्हटलं, बघ, गाडीत काही नाही, माझ्यातही काही नाही.

“मग आता मला उतरव आणि एकटी फिरून दाखव,” दादा म्हणाला.

दाखवलं. गाडीची जागच्या जागी दीड गिरकी झाली, इंजिन बंद पडलं आणि हेल्मेट डोळ्यांवर आलं.

“तायमे, हात पुढे कर. किल्ली.”

“एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नाहीत.”

“मी पेट्याही मोजल्यात,” दादा म्हणाला. “सहा त्या, हा सातवा प्रयोग.”

त्यानंतर तो बाकावर बसला तो बसलाच. माझी कपाटं मात्र बसल्या बसल्या तपासून झाली. “फ्रिजमध्ये लोणी आहे आणि दिवा आहे. बाकीचं कुठे ठेवतेस?” मी त्याला कॉफी, राय धान्याची भाकरी आणि टोस्ट दिले. माझं नेहमीचं जेवण तेच, रविवारी हेरिंग माशांचा डबा. शुक्रवारी सकाळी त्याने विचारलं की टोस्टबरोबर काय आहे. मी सांगितलं, दुसरा टोस्ट. (चाळीस वर्षं तुमच्या हातचं खाल्लेल्या माणसाचं मत या बाबतीत निःपक्षपाती धरता येत नाही.)

शुक्रवारी दुपारी इसाक्की आला. तुम्हाला आठवेल, चौथीत अपूर्णांकांवर अडलेला, डावीकडच्या बाकावरचा, शाळेच्या स्वयंपाकघरात तुमच्याकडून सुपाचा तिसरा वाडगा मागणारा. आता रेनडियर पाळतो आणि साऱ्या गावाच्या गाड्या दुरुस्त करतो. त्याने वहीतल्या माझ्या नोंदी वाचल्या, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाला, “बाई, बसा गाडीवर.” मी बसले. त्याने मागून टेप लावली.

“नीट बसा, बाई. पूर्ण वजन टाकून.”

“पूर्णच टाकलं आहे.”

“मागचा भाग दहा सेंटिमीटर तरी खाली जायला पाहिजे. तुमचा दोन गेलाय. गाडी म्हणते, वर कुणी बसलंच नाहीये.” मग टेप गुंडाळत, “बाई, वजन किती तुमचं?”

“अठ्ठ्याहत्तर. वहीत पहिल्या पानावर आहे.”

“पान कधीचं?”

गाडी घेतली तेव्हाचं होतं.  इसाक्कीच्या घसरगाडीवर रेनडियरच्या खाद्याची पोती तोलायचा काटा होता, तो त्याने बर्फावर मांडला. पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की वजन बूट, पोशाख आणि हेल्मेटसकट घ्यावं. त्याप्रमाणे घेतलं. एकसष्ट. मी काट्यावर शंका घेतली. तेव्हा त्याने पंचवीस किलोचं न फोडलेलं पोतं त्यावर ठेवलं. पंचवीस. काटा बरोबर होता.

मग त्याने स्प्रिंग चारवरून थेट एकवर आणली, वादी पुन्हा एक भोक सैल केली आणि बाजूला झाला. मी काठ्यांमधून आठाचा आकडा घातला. तळं ओलांडून घाटावर गेले आणि पेट्यांच्या रिकाम्या खांबांना तीन प्रदक्षिणा घातल्या, एक उलटी. इसाक्कीच्या गाडीवर मागे बसून दादा आला होता, त्याने स्वतः मोजल्या. हँडल जेवढं, वळण तेवढंच.

“वळली,” दादा म्हणाला. त्याच्या तोंडून एवढी कबुली मी लहानपणापासून ऐकलेली नाही.

इसाक्की चिंधीला हात पुसत होता. “बाई, आता एकवर आहे,” तो म्हणाला. “एकाच्या खाली आकडा नाही.”

 दादा तळ्याकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

तर उत्तर असं: दोष वयाचा नव्हता, नजरेचा नव्हता, हाताचाही नव्हता. गाडी अशा एका बाईसाठी लावलेली होती जी आता त्या मापाची राहिलेली नाही. माप बदललं, गाडी वळली. किल्ली देत नाही. दादाला हे मान्य आहे. ते तुम्हाला सांगायची त्याची हिंमत नाही, एवढंच.

आपली,
तायमी

ता.क. सहाही पेट्या आज सकाळी इसाक्कीने आणि मी पुन्हा बसवल्या, पाणसळ लावून. आधी त्या सरळ नव्हत्या. हे मी कैक वर्षं म्हणत होते.

ता.क. २. सतरा किलो गेले कुठे, याचा मी रात्री हिशेब केला. आजार नाही. नर्सबाईंनी जानेवारीत रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. काय जेवता, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, वेळेवर. शाळा बंद होऊन तीन वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं रोज अकराच्या घंटेला मी मुलांबरोबर त्यांच्याच टेबलावर बसून जेवले, कारण शिक्षकाने तसं जेवावं असा नियम होता. नियम होता म्हणून जेवत होते अशी माझी समजूत होती. घरात घंटा नाही. शिवाय मला स्वयंपाक येत नाही, हे तुम्ही सोडून कुणाला माहीत नाही.

शाळा रिकामी केली तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातलं गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपाचं कार्ड मी भिंतीवरून काढून आणलं. (ते कुणाच्या नावावर नव्हतं.) ते चाळीस मुलांसाठी आहे. मी भागाकार केला. वाटाणे शंभर ग्रॅम, कांद्याचा पाचवा हिस्सा, डुकराच्या तंगडीचा विसावा. इथवर ठीक. पण शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलं आहे, ‘मीठ: अंदाजे’. अंदाजाला चाळीसने भागता येत नाही. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा ते टाकून दिलं आणि टोस्ट खाल्ले.

दर गुरुवारी तुमच्या नोंदवहीत मी ‘सूप खारट’ असा शेरा मारत असे. ते सगळे शेरे मागे घेते. (सगळे नाहीत. १९९४ च्या हिवाळ्यातले दोन खरे आहेत.) तेव्हा विनंती अशी की या गुरुवारी दादाबरोबर या आणि मीठ किती ते मला डोळ्यांनी दाखवा. एका गुरुवारी जमलं नाही तर पुढच्याही या. घाटावर मी घ्यायला येईन. गुडघा फारसा वाकवावा लागत नाही. तुम्ही मागे बसलात की स्प्रिंग तीनवर न्यावी लागेल. ते मला येतं.

ता.क. ३. आज दुपारी सव्वा वाजता टाउनोदादाच्या हाती दिलं ते असं: हे पत्र. शाळेचं कार्ड, एक. शाळेचं सर्वांत लहान पातेलं, एक, झाकणासह, रिकामं; येताना भरलेलं आणावं. किल्ली, एक. माझ्या घराच्या दाराची.