पिंपातलं गोडं पाणी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि समुद्र तू कधी पाहिलाच नाहीस. मी त्याच्या काठी बावीस वर्षं नोकरी केली, समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांचं सामान सांभाळायची. त्यात पाण्याखाली उजेडासाठी वापरायच्या बॅटऱ्याही होत्या. समुद्रात तासन्‌तास राहूनही त्या टिकतात. त्यांना खातं ते वर आल्यावर वाळणारं मीठ. म्हणून रोज संध्याकाळी त्या गोड्या पाण्याच्या पिंपात भिजवायच्या, पुसून रबरी रिंगला ग्रीस लावायचं, आणि पिंप ओतून दुसऱ्या दिवशी नव्यानं भरायचं. काम एवढंच. पण भरलेलं पिंप गटारात ओतायचं म्हटलं की माझा हात धजत नसे.

का, ते तुला ठाऊक आहे. लातूर नवा जिल्हा झाला आणि तुला कचेरीत पाणी भरायची नोकरी लागली, ते दुष्काळाचे दिवस. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात फरशी, उरेल ते दारच्या लिंबाला. एकदा मी तांब्याभर पाण्यानं पाटी धुतली. तू मारलं नाहीस. मोरीकडे बघत एवढंच म्हणालीस, "मी डोक्यावर आणायले, अन्‌ तू मोरीत सोडायलास." तेव्हापासून नळ ठिबकताना दिसला तरी माझा जीव खालीवर होतो. बायको म्हणते, हा माणूस नदीकाठी बसला तरी चूळ मोजून भरेल.

तर मी एकच पिंप आठ-आठ दिवस चालवू लागलो. पाणी दिसायला नितळ. चव कोण घेतो? खाऱ्यातून काढलेल्या बॅटऱ्या मी खाऱ्यातच बुडवत होतो. बाहेरून त्या लख्ख होत्या, पण झाकणाच्या आट्यांत मीठ साचलं, रिंग नीट बसेना, पाणी शिरलं आणि आतली स्प्रिंग हिरवी पडली. एका दुपारी आमचा सगळ्यात जुना पाणबुड्या मालवाहू बार्जखाली असताना त्याची बॅटरी विझली. खाली गढूळ अंधार, पायात दोर अडकलेला. चाचपडत त्यानं तो सोडवला. वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, माल हलका आला असेल. सगळ्यांना पटलं, त्यालाही. उलट त्यानं मला चहा पाजला. तू सामानावर आहेस म्हणून आम्ही निर्धास्त उतरतो, म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून मी पिंप रोज बदललं. मनात मात्र खापर तुझ्यावर फोडत राहिलो, की मायनं शिकवलं तसं मी केलं. ते खोटं आहे. कचेरीतल्या रांजणातलं शिळं पाणी तू साहेबाला काय, शिपायालाही कधी दिलं नाहीस. त्या दुष्काळातही रोज सकाळी रांजण रिकामा करून घासायचीस, आणि कालचं पाणी झाडांना घालायचीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "दुसऱ्याच्या तोंडी जातंय ते. तिथं हात आखडू न्हाई." हे तेवढं मी सोयीनं विसरलो.

तो पाणबुड्या आता नोकरी संपवून गावी असतो. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र मी खरं तर त्यालाच लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि कागद बदलला. तुला लिहिणं सोपं गेलं, तू उत्तर देणार नाहीस म्हणून.