लाल फितीची जीप

२८ मार्च २०१६

आलो एकदाचा औरंगाबादला! आज रंगपंचमी, पण शहरभर पाण्याचा ठणठणाट. पोरं एकमेकांच्या गालाला कोरडा गुलाल फासून समाधान मानताहेत. बरंच झालं, माझा इस्त्रीचा शर्ट वाचला.

फ्लॅट झकास आहे. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडला लागून नवीकोरी इमारत, तिसरा मजला. गॅलरीतून शेंद्र्याच्या कंपन्यांच्या शेड दिसतात आणि मध्ये जिकडं बघावं तिकडं अर्धवट बांधलेल्या इमारती. पाणी मात्र नाही. नळ चकचकीत आहेत, त्यातून हवा येते. टँकर आला की टाकी भरतात आणि मग घटकाभर नळाला पाणी. हा सगळा कारभार सोसायटीचे सचिव अनंतराव बघतात. निवृत्त कारकून. माझं आडनाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. गोत्र विचारलं, पुण्यातली पेठ विचारली, आणि आपल्यातला माणूस आला म्हणून त्यांच्या बायकोनं, कालिंदीकाकूंनी, पुरणपोळी आणि माठातल्या गार पाण्याची कळशी पाठवली. कळशी रोज येणार आहे.

नोकरी विचारली तेव्हा मी आरोग्य खात्यात एवढंच सांगितलं. एचआयव्हीचं नाव काढून पुरणपोळी कडू कशाला करा?

३० मार्च

केंद्र पाहिलं. सरकारी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, मोडक्या खाटांच्या ढिगाशेजारी एक खोली. दारावर लाल फितीचं चित्र, एड्सची खूण. इथं रक्त तपासायचं, आणि ज्यांना एचआयव्ही निघेल त्यांना दर महिन्याला गोळ्या द्यायच्या. मी समुपदेशक. एमएसडब्ल्यूला पहिला वर्ग मिळवून आता लाकडी नमुन्यावर कंडोम चढवून दाखवायचा, तोही ज्यांना स्वतःचं वय धड सांगता येत नाही त्यांना. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागेपर्यंत सोसायचं.

सहकारी दोन. मनकर्णाबाई गावोगाव फिरून गोळ्या सोडलेल्या रुग्णांना परत आणते. तिला स्वतःला हा आजार आहे आणि ते ती अशा थाटात सांगते की जणू पदवीच मिळाली आहे. दुसरा कडूबा, जीपचा ड्रायव्हर. जीपच्या दोन्ही दारांवर माणसाच्या उंचीची लाल फीत रंगवलेली आहे. लांबून ओळखू येते.

कोपऱ्यात माठ आहे, वर स्टीलचा पेला. बाहेर लोक हंडे घेऊन मैलोनमैल भटकताहेत आणि या भरल्या माठाला कुणी शिवत नाही. त्याच्याच वर पोस्टर आहे, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं एचआयव्ही होत नाही. अडाण्यांपुढं पोस्टर लावून काय उपयोग? मी बाटली घरून नेतो, पण ते वेगळं. मला माठाचं पाणी मानवत नाही.

४ एप्रिल

आज माठाला गिऱ्हाईक मिळालं. साळूबाई, तांबडवाडीची. नवरा ट्रकवर होता, तो आजार ठेवून गेला. डोळ्यांपर्यंत पदर ओढलेला. आली, पेल्यामागून पेले प्यायली, पाणी हनुवटीवरून गळ्यात, आणि मग म्हणे पाणी लई गोड हाय. मला कसंसंच झालं.

गोळ्यांची तारीख चुकवली होती. कारण काय, तर टँकर. गावात टँकर येऊन विहिरीत पाणी सोडतो, बाया दोर टाकून ओढून घेतात. कधी येईल त्याचा नेम नाही, आणि नेमकी त्या दिवशी ती इकडं आली तर घरात थेंब नाही. मी तिला चांगलं झापलं. पाण्याची एक खेप मोठी की जीव? ती पदराआडून नुसती बघत राहिली. उत्तर द्यायचीही अक्कल नाही.

जाताना मात्र बोलली. हात जोडून. “सायेब, तारीख चुकली तरी गाडी गावात आणू नका. म्या येते. कुनाला ठावं नाय.” मी मान डोलावली. यांच्याशी वाद कोण घालणार!

१२ एप्रिल

मनकर्णाबाईबरोबर एका गावी गेलो. हसून हसून मेलो. जीप फाट्यावर लिंबाखाली उभी. बाई पिशवीत पापड-मसाल्याच्या पुड्या घेऊन पायी निघाली, बचत गटाची म्हणून. आधी तीन भलत्याच घरी बसली, चहा प्यायली, कुणाच्या सुनेचं बाळंतपण ऐकलं. मग ज्या घरी जायचं त्याच्या शेजारी. शेवटी ती रुग्ण बाई आपणहून पुड्या बघायला आली आणि मसाल्याखालून गोळ्यांची डबी घेऊन गेली. एका डबीसाठी अर्धा दिवस! मी विचारलं, ही नौटंकी कशाला? सरकारी गाडी आहे, सरकारी काम आहे. तर म्हणे, “गाडी दारात लागली सायेब, की घर उठलंच समजा.”

यांना सगळ्याचं नाटक करायची हौसच फार.

२१ एप्रिल

साळूबाईला मागच्या खेपेला पंधराच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, तरी पुन्हा तारीख चुकवली. सोमवारी जिल्ह्याची बैठक, तिथं गोळ्या सोडलेले किती आणि परत आणलेले किती हे उभं राहून सांगायचं असतं. मनकर्णाबाई बहिणीच्या तेराव्याला जाफराबादकडं. तिची वाट बघत बसलो तर माझीच शोभा.

सरळ कडूबाला घेतलं आणि निघालो. फाट्यावर त्यानं सवयीनं गाडी थांबवली. मी म्हणालो, चल पुढं, उन्हात पायपीट करायला मी बचत गटाचा नाही. तो काहीतरी पुटपुटला, पण नेली.

नेमका टँकर आलेला. विहिरीभोवती सगळं गाव. आता घर कुणाला माहीत? मी जीपच्या पायरीवर उभा राहिलो आणि मोठ्यानं विचारलं, “साळूबाई इथं कुठं राहते? गोळ्या घेऊन आलोय.” एकेक बोट उठलं. घर दाखवायला नव्हे, तीच विहिरीच्या काठावर उभी होती, हातात दोर. सगळी बोटं तिच्याकडं.

डबी घेतली तिनं. आभार मानायची रीत या लोकांत नाहीच.

असो, काम फत्ते. त्या बाईची अर्ध्या दिवसाची नौटंकी मी चुटकीसरशी उरकली.

२ मे

मनकर्णाबाई परतली ती भांडतच. तिला कुठून तरी कळलं. त्याच दिवशी बायांनी साळूबाईचा दोर विहिरीतून ओढून फेकून दिला. तिची घागर काठाला लागू देत नाहीत. किराणावाला सामान हातात देत नाही, ओट्यावर ठेवतो. ती आता पार टेकडीपलीकडच्या खदानीत जाते, तळाला गढूळ पाणी आहे तिथं.

यात माझी काय चूक? गावाला विज्ञान कळत नाही, त्याला मी काय करू? पाण्यातून पसरत नाही, हे पोस्टरवर लिहून ठेवलंय. मनकर्णाबाई म्हणाली, जीपमध्ये दोन कॅन घालून पोचवू. मी सांगितलं, जीप रुग्णांसाठी आहे, पाणी वाहायला नाही. “तुमाला कुनी पानी नाय म्हनलं नाय आजून,” म्हणाली.

उद्धट.

६ मे

साळूबाई गेली. खदानीच्या उतारावर सापडली, हंडा कोरडा. उष्माघात म्हणतात.

वाईट वाटलं, अगदीच नाही असं नाही. पण हंडा घेऊन भर दुपारी खदानीत कोण उतरतं?

बैठकीत माझ्या पाठपुराव्याचं कौतुक झालं होतं, ते आठवत राहिलं.

९ मे

केंद्राचं कुलूप सकाळी मीच उघडतो. आज माठ निम्मा रिकामा होता. पेला ओला. फरशीवर ओले पाय, माठापासून माझ्या खुर्चीपर्यंत. परत गेलेले नाहीत.

कडूबाला झापलं. त्यानं लेकरांची शपथ घेतली. हे लोक शपथा पटकन घेतात. माठ काठोकाठ भरून, खिडक्या लावून, किल्ली खिशात घालून आलो.

१० मे

पुन्हा निम्मा. पेल्यातून पाणी ठिबकत होतं, म्हणजे मी कुलूप काढत असतानाच—

उंदीर असतील. उंदीर पाणी पितातच.

११ मे

सकाळी गॅलरीत आलो तर खाली, आमच्या दारातच, जीप. लाल फीत बरोबर आमच्या जिन्याकडं तोंड करून. टँकरच्या वेळेला. सगळी सोसायटी खाली. सगळ्यांनी वर बघितलं.

तडक कडूबाला फोन लावला, कोणाला विचारून आणलीस? तो म्हणाला, गाडी कालपासून करमाडच्या गॅरेजात हाय सायेब, क्लच काढून ठेवलाय. मी खाली धावलो. जीप नव्हती. जिथं उभी होती तिथं माती ओली होती.

कळशी आली नाही.

१२ मे

जीप आजही. अनंतराव जिन्यात भेटले, दोन पायऱ्या वर सरकले, आणि फार सभ्यपणे म्हणाले की आरोग्य खात्यात म्हणजे नेमकं कशात, ते तुम्ही बोलला नव्हतात. मग म्हणाले, हिमांशू, तुम्ही आमच्या मुलासारखे, काही असेल तर सांगा, इथं लेकीसुना आहेत.

मी म्हणालो, मी तिथं नोकरी करतो, रुग्ण नाही. आणि असतो तरी पाण्यातून पसरत नाही! त्यांनी मान डोलावली. ती मान मी ओळखतो. मी तशीच डोलावत आलोय.

१३ मे

केंद्रात स्वतःचं रक्त तपासून घेतलं. काही नाही. स्वच्छ. अहवाल घेऊन अनंतरावांकडं गेलो. त्यांनी हातात घेतला नाही. टीपॉयवर ठेवायला सांगितला, लांबूनच वाचला. म्हणाले, तुमच्याच केंद्राचा आहे ना हा? कागद काय, तुमच्याच हातातला.

मला राग आला. पुण्याच्या माणसाला, शिकलेल्या माणसाला हे—

संध्याकाळी टँकर आला. माझा नळ सोडून सगळे नळ वाजले. वॉचमन म्हणतो, व्हॉल्व्ह खराब हाय साब, तुमच्याच लाइनीचा.

१४ मे

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पाण्याची बाटली हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली. मी मुकाट्यानं उचलली— मी! घरी येऊन प्यायलो. तहान गेली नाही. आणखी एक. घशात कोरडी माती. पाणी हनुवटीवरून गळ्यात येतं, आत जात नाही.

बेसिनच्या आरशासमोर ओले पाय उमटलेत. जिन्यातून येताना दिसले नव्हते.

१५ मे

रविवार, तरी केंद्रात गेलो. फक्त त्या माठासाठी. मनकर्णाबाई पायरीवर बसलेली होती. का आली होती, विचारलं नाही. मी माठ तिरका केला. कोरडा ठणठणीत. आतल्या बाजूला बोटांच्या खुणा, कुणीतरी खरवडलंय.

तिला म्हणालो, गाडी दारात येते माझ्या. हसली नाही. “तिला जाऊन सांगा, चुकलं म्हनून,” एवढंच बोलली. मी चुकलो नाही. का म्हणू? मी नियमानं— गोळ्या पोचवल्या मी. जिवंत होती तेव्हा गोळ्या होत्या तिच्याकडं.

मनकर्णाबाईनं आपली बाटली पुढं केली. तोंड लावलेली. मी— माझा हातच पुढं झाला नाही. तिनं ते पाहिलं. झाकण लावलं आणि उठून गेली.

१६ मे, दुपार

टँकर आलाय. सगळे खाली. जीप पण. हॉर्न.

गॅलरीत गेलो नाही. पडद्याच्या फटीतून. जीपच्या पायरीवर कुणीतरी उभं आहे. डोळ्यांपर्यंत पदर. हातात दोर. दोराचं टोक ओलं, लोंबतंय.

जीभ टाळ्याला चिकटलीय. पेन—

मोठ्यानं विचारलं तिनं. हिमांशू इथं कुठं राहतो. गोळ्या घेऊन आलोय. आवाज बाईचा नाही. ओळखीचा आहे. पायरीवर उभं राहून माझाच आवाज असा निघाला होता.

कुणीही नाही म्हणालं नाही. अनंतराव. काकू. वॉचमन. एकेक बोट— सगळी तिसऱ्या मजल्याकडं—

जिन्यात पाय वाजताहेत. ओले. मागं सगळी सोसायटी असावी.

दाराबाहेर पेला ठेवल्याचा आवाज. भरलेला आहे. ऐकू येतंय, भरलेला आहे.

मला विज्ञान कळतं. मी उघडणार नाही. नाही उघडलं तर पुन्हा विचारेल, आणखी मोठ्यानं, सगळ्यांसमोर, नाव घेऊन—

पाणी— दाराखालून आत—

चुकलं म्हणतो, साळूबाई, हळू विचार, हळू, लोक ऐक