कठड्याला गुंडाळलेलं लुगडं

माय, गच्चीचा कठडा रंगवायला काढला आहे. रंगाऱ्याने आल्या आल्या विचारलं, "बाई, याले ह्या चिंध्या काहून बांधल्या?" मी म्हटलं, माझ्या आईने बांधल्यात. तो म्हणाला, "मंग सोडा बा, रंग कसा लागन?" आणि चहा प्यायला बसला. त्याचं बरोबरच आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की त्या चिंध्यांचा मूळ रंग कोणता हेही आता सांगता येत नाही. हे पत्र पेटीत टाकायचं नाही, तेव्हा सावकाश लिहिते.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल. तू सगळं ऐकलं होतंस. रस्त्याला लागल्यावर एवढंच विचारलंस, "गच्चीवर जाता येईन ना मले?" बाबांनी नोकरीच्या शेवटी घर बांधलं, गच्ची टाकली, कठडा राहून गेला, पुढे बाबाही राहिले नाहीत. त्या उघड्या गच्चीवर तू कुरड्या घालायचीस, मिरच्या वाळवायचीस, पलीकडच्या गच्चीवरच्या बाईशी भांडायचीस आणि तिलाच त्यातला वानोळा द्यायचीस. मी म्हटलं, आता वर जायचं नाही, खाली बसून राहा, मी शाळेत शिकवून आले की सगळं करीन. तू ताडकन म्हणालीस, "बसली की संपली मी. कठडा लाव. मंग मले कोनाचा हात नाई लागत."

गल्लीतला लोहार दिवाळीनंतर करतो म्हणाला, मग संक्रांतीनंतर. त्याला सवड होती, तुझ्या डोळ्यांना नव्हती. कुणीतरी सांगितलं, अकोल्याला तयार कठडे मिळतात, जोडून ठेवलेले. आणायचे, गच्चीत बोल्ट मारून बसवायचे. मी एकटी जाणार होते. तू आधीच लुगडं नेसून दारात उभी. "हात मले टेकाचा हाय, अन् पसंत तू करशीन?"

बडनेऱ्याहून गाडी धरून आपण अकोल्याला येतो. थंडीचे दिवस आहेत. दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, भिंतीला एकाला एक टेकवलेले कठडे. दुकानदार मला नक्षी दाखवतो, तू मागच्या मागे एकेका कठड्यावरून बोटं फिरवत चालली आहेस. "पोलादी हाय माय, तुमच्या नातवाच्या नातवाले पुरन," तो म्हणतो. एका ठिकाणी तुझी बोटं थबकतात. "हे काय हाय?" तो कौतुकाने सांगतो, "ओम हाय, शुभ असते." तू शांतपणे हात काढतेस. "आमी दीक्षा घेतली, भाऊ. दुसरा दाखव." दुसऱ्यात मोर आहेत. "याच्या चोचीत लुगडं अडकन माह्यं." शेवटी तू कोपऱ्यातल्या एकाशी थांबतेस, ज्याला नुसत्या उभ्या दांड्या आहेत आणि वर गोल नळी. दोघा माणसांना तो धरायला लावतेस, कंबर टेकतेस, हलवून पाहतेस, जोडाजोडावर अंगठा घासतेस. दुकानदार हसतो, "माय, हा तर लोक गोठ्याले लावते." तू म्हणतेस, "मंग म्हशीले जपते तसं मले जपन." मीही हसले होते, खरंच. त्या दिवसाचं मला एवढं सगळं आठवतं, पण त्याच्या जवळ गेल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून पाहावं तसं दिसतं.

कठडा बसला. तू एक हात नळीवर ठेवून गच्चीला फेऱ्या घालायचीस आणि मी खालून कान देऊन बसायचे. माघ-फाल्गुन असे झकास गेले. मग उन्हाळा तापला. कुरड्यांची पाटी घेऊन तू वर गेलीस आणि जिन्याच्या तोंडाशी सवयीने नळी धरलीस. "माय वं!" अशी किंकाळी आली. धावत गेले तर पाटी उपडी, आणि तू तळहात छातीशी धरून उभी. मला त्या क्षणीही चमत्कारिक वाटलं की एवढी म्हातारी बाई आपल्या आईला हाक मारते. उन्हाळ्यात अंगणातली घागर धरवत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपण दोघींनी उंची पाहिली, जोड पाहिले, मोराच्या चोची पाहिल्या; ऊन कुणी पाहिलं नाही. हिवाळ्यात, सावलीत उभं राहून आपण उन्हाळ्याचं लोखंड पसंत केलं.

तुझ्या हाताला तूप लावता लावता मी म्हटलं, झालं, आता वर जाणं बंद. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तू गच्चीवर, उरलेल्या नजरेने नाही तर बोटांनीच, तुझं जुनं लुगडं फाडून नळीला पट्ट्या गुंडाळत होतीस. "पाह्यत काय राह्यली वं? गाठ मारू लाग." मी गाठी मारू लागले. त्यानंतर नजर पूर्ण गेली तरी तू वर जायची थांबली नाहीस.

लोक अजून विचारतात, गच्चीवरून पडून गेली का? नाही. तू तापाने गेलीस, दवाखान्याच्या खाटेवर, मी उशाशी असताना. मला रडू आलं नाही. तेव्हा वाटलं, पुढे येईल. तेराव्या दिवसाच्या जेवणावळी आपल्यात नव्हत्या. भंतेजी आले, वंदना झाली, पुढच्या सोमवारी मी शाळेत फळ्यावर गणित लिहीत होते. पुढे आलंच नाही. मी निवृत्त झाले, माझे केस पिकले, आणि ते यायचं राहून गेलं, बाबांच्या कठड्यासारखं.

आज सकाळी एकेक गाठ सोडली. तुझ्या घट्ट, माझ्या सैल, लगेच कळत होत्या. चिंध्यांखाली अजून दुकानातला हिरवा रंग आहे. ऊन चांगलं चढू दिलं आणि जिन्याच्या तोंडाशी, तू धरायचीस तिथे, उघड्या नळीवर हात ठेवला.

"माय वं!"

खालून रंगारी ओरडला, "काय झालं बाई?" मी म्हटलं, काही नाही, चुकून हात लागला.

चुकून नाही, माय. आणि एवढ्या वर्षांत तुला हाक मारली नव्हती.