परतीचं पाणी

गुरुवार, १० ऑक्टोबर

निघालो एकदाचे! वर्लने भल्या सकाळी माझ्या दारात मोटरहोम आणून लावलं आणि हॉर्न असा काही वाजवला की समोरचे शेजारी झोपेच्या कपड्यांतच बाहेर आले. वर्ल बहात्तर वर्षांचा आहे. जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे मागे बसलेल्या सगळ्यांना तो अजून पोरंटोरंच समजतो. पट्टे लावा, हात बाहेर काढू नका, रडारड चालणार नाही, अशी ताकीद दिल्यावरच त्याने गाडी हलवली.

या कंपूत मी नवी. वर्ल, त्याची बायको मार्लिस आणि त्यांचा दोस्त ड्वेन हे तिघं दर ऑक्टोबरला वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात जातात. ड्वेन दातांचा डॉक्टर होता. बायको गेल्यापासून तो यांच्याच टेबलावर जेवतो. आमची ओळख बोलिंगची, म्हणजे हॉलमध्ये जड गोळा घरंगळवून पिना पाडायच्या खेळातली. गेल्या वसंतात मी यांच्या संघात शिरले, आणि गाडीतला चौथा बिछाना दरवर्षी रिकामा जातो म्हणून मार्लिसनेच मला बोलावलं.

घरात असतं ते सगळं गाडीत आहे, फक्त कोपर आपटल्याशिवाय काही करता येत नाही. मार्लिसने माझ्या उशीला निळ्या फुलांचा नवा अभ्रा घातलाय. दुपारी तिने खिमा-राजम्याची झणझणीत चिली आणि मक्याचा पाव वाढला. ड्वेन म्हणाला, पोटभर खाऊन घे आयलीन, उद्यापासून मी रांधणार आहे, मग तुझं काही खरं नाही. मी खदखदून हसले. यांच्या विनोदाला मला हसू येतं, याचा मागाहून राग आला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

उद्यानात पोचलो. चौकीवर पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. तळावर आणखी बऱ्याच गाड्या होत्या, कुणीतरी मासे भाजत होतं, मार्लिस ओळख ना पाळख सगळ्यांशी गप्पा मारून आली.

आता लिहायला हरकत नाही. माझा भाऊ रॉइस गेल्या ऑक्टोबरात याच उद्यानात तहानेने मेला.

तो एकटा पायी हिंडायचा. लांबच्या वाटेला लागण्याआधी गाडीने जाऊन परतीच्या रस्त्यावर पाणी ठेवून यायचं, हा इथल्या सगळ्याच पायी हिंडणाऱ्यांचा रिवाज. रॉइसनेही एका आडरस्त्याकाठी झुडपाखाली कॅन ठेवले होते. प्रत्येकावर जाड काळ्या पेनने स्वतःचं नाव आणि परतायची तारीख. नाव-तारीख लिहिलेल्या पाण्याला कुणी हात लावत नाही, स्वतःचा जीव कासावीस झाला तरी. रॉइस ठरल्या दिवशी परतला. कॅन रिकामे होते आणि त्यांची झाकणं नीट फिरवून बसवलेली होती. उद्यानाचा रेंजर म्हणाला, तो त्या रिकाम्या कॅनना कवटाळून पडला होता.

मग हिवाळ्यात बेकर्सफील्डच्या बोलिंगच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर एक बाई हसून हसून डोळे पुसत गोष्ट सांगत होती. वाळवंटात म्हणे त्यांचं इंजिन उकळलं, आणि नशीब बघा, कुणा येड्याने झुडपाखाली पाणी ठेवलेलं! रेडिएटर भरला, नवऱ्याने काच धुतली, आणि उरलेल्यात मी केस धुतले गं, असे मऊ झाले म्हणून सांगू!

ती मार्लिस. मी त्या संघात उगाच शिरले नाही.

वर्ल उद्या त्याच आडरस्त्याने जाणार आहे, त्याला तिथले डोंगर आवडतात. मी टाकी रिकामी करणार. एक दुपारभर यांची जीभ टाळ्याला चिकटू दे, मग मी रॉइसचं नाव सांगेन. हे तिघं ढसाढसा रडले की माझ्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढेन. मी काही खुनी नाही. पण ती दुपार मला हवी आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

केलं! ते तिघं डोंगराचे फोटो काढत होते तेव्हा मी गाडीखाली सरपटत गेले आणि टाकीचा नळ सोडला. पाणी बुडबुडत वाळूत गेलं. गेल्या वर्षभरात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

इंजिनाचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चढावर ते उकळलं, आणि गाडी थांबली ती नेमकी रॉइसच्या त्या झुडपासमोर. रस्त्यापलीकडेच आहे ते, हाकेच्या अंतरावर. वर्ल भांडं घेऊन आत आला तर नळ नुसता खोकला. ड्वेनने त्याला चिडवलं, बस चालवायचास की बैल हाकायचास? वर्ल हसला नाही. फोन लागत नाहीत. या रस्त्याला चिटपाखरू येत नाही.

संध्याकाळपर्यंत रस, दूध, डब्यांतलं पाणी, सगळं संपलं. मार्लिस म्हणाली, उद्या कुणीतरी येईलच की. मी आजच सांगणार होते, पण तिचा ओढलेला चेहरा बघितला आणि ठरवलं, अजून थोडं सुकू देत.

रविवार, १३ ऑक्टोबर

नाश्त्याच्या वेळी सांगितलं. रॉइस माझा भाऊ, ते पाणी त्याचं होतं, तो असा असा मेला. मार्लिसने तोंडावर हात घेतला तो काढेचना. वर्ल म्हणाला, आम्हाला काय ठाऊक तो येणार होता? पाणी बेवारशी पडलं होतं. मी म्हटलं, त्यावर नाव होतं. तेव्हा ड्वेन खाली बघत पुटपुटला, नाव मी वाचलं होतं. तारीखही. वाटलं, बघेल तो कुठूनतरी.

माझं अंग पेटलं. बाटल्या आता संध्याकाळीच काढायच्या असं ठरवलं, आणि जागेवर आहेत ना ते बघायला पिशवी उघडली.

बाटल्या रिकाम्या आहेत. सील शाबूत आहे. आत ओलसुद्धा नाही.

भर दुपारी ड्वेनला झुडपाखाली कॅन दिसला. पाण्याने भरलेला, उन्हात चमकणारा. सकाळी तिथे काही नव्हतं, ते आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्याने पक्षी बघायची दुर्बीण लावली आणि खुळ्यासारखा हसला. म्हणाला, अरे, यावर माझंच नाव आहे की! मी दुर्बीण घेतली. ड्वेनचं नाव, आजची तारीख. अक्षर रॉइसचं. ते मी झोपेतही ओळखेन.

ड्वेन चालत निघाला. रस्ता ओलांडला, पण झुडूप जवळ येईना. तो चालतोय, झुडूप तेवढंच लांब. वर्ल हाका मारत राहिला. ड्वेन लहान लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला. झुडूप परत रस्त्याकाठी, होतं तिथे. खाली कॅन नाही.

बरं झालं, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं. पण दाराला आतून कडी लावली.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज कॅनवर वर्लचं नाव होतं.

मी आणि मार्लिसने दार अडवलं. बाटल्यांचंही सांगून टाकलं, टाकीचंही. वर्ल मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, बाजूला हो पोरी, माझी बायको तहानलीय. आम्हाला ढकलून गेला. लंगडत. मागे वळून मार्लिसला हात केला, शाळेच्या बसमधून करायचा तसा.

नंतर मी रस्त्यावर जाऊन ओरडले. रॉइस, पुरे! मला एवढं नको होतं! कुणीतरी ऐकत होतं. पान हलत नव्हतं, तरी कुणीतरी ऐकत होतं.

मार्लिसने फ्रीजच्या तळाशी बर्फाचा खडा शोधला, नखाएवढा. माझ्या तोंडात घातला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, तू धाकटी आहेस. आणि मग म्हणाली, मी केस धुतले त्यात, आयलीन. केस.

हिला मरू द्यायचं नाही. बाकी काही मागत नाही. हिला नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

मार्लिसला बिछान्याला बांधलंय. तिचं नाव दिसलं तर ती जाईल म्हणून. ओठ फाटलेत.

झुडपाखाली आज काही नाही.

कॅन पायरीवर आहे. आपल्या दाराच्या पायरीवर. गार. बाहेरून दव आलंय. नाव मार्लिसचं नाही — रॉइसचं आहे. तारीख आजची.

म्हणजे त्याने माफ केलं. माझं ऐकलं त्याने. आमच्यासाठीच ठेवलंय. नाहीतर पायरीवर कशाला —

मार्लिसच्या तोंडाशी धरलं. तिने दात घट्ट मिटले. मान फिरवली. म्हणाली, नाव आहे त्यावर. तो यायचाय अजून. मी म्हटलं, अहो, मराल. ती म्हणाली, मग मरेन. त्याचं आहे ते.

वेडी बाई.

झाकण उघडलेलं होतं. वास येत होता पाण्याचा. भावाचं पाणी बहिणीने प्यायलं तर काय —

सगळं प्यायले. थांबताच आलं नाही. थेंब उरला नाही. झाकण परत लावून ठेवलं, का कुणास ठाऊक.

रस्त्यापलीकडच्या मिठाच्या सपाटीवरून कुणीतरी येतंय. पायी. पाठीवर पिशवी. चाल रॉइसचीच आहे. रॉइसच आहे!

हात केला. त्याने केला नाही.

पायरीपाशी थांबला. कॅन उचलला, हलवला. उलटा धरला.

आत आलाय. मार्लिसपाशी वाकला — तिच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं, दोरी सोडली. तिला काही केलं नाही. मी म्हणतेय रॉइस मी आयलीन — मी तुझ्यासाठीच हे सगळं — तो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नाही. माझ्या ओल्या हनुवटीकडे —