फलाट तीनच्या भोंग्यातील फाटका पडदा

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
मुख्य बस स्थानक.

विषय : उद्घोषक बाईंचा आवाज निर्दोष असल्याबाबत व त्यांना ध्वनिक्षेपकावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने खोट्या नावाने लिहिलेली टिप्पणी (आता खोडली आहे, उपयोग झाला नाही).

महोदय,

अर्जदार आपल्या स्थानकाचे भोंगे दुरुस्त करतो. त्याचे काम चोख असते, अशी त्याची ख्याती आहे. ती खरी नाही, हे या अर्जाद्वारे कळविण्यात येत आहे.

१. फलाट तीनवरील भोंग्याचा आतला पडदा गेल्या वर्षी चिरला. नवा मिळेपर्यंत चालेल म्हणून अर्जदाराने तो डिंकाने चिकटवला आणि साफ विसरला. तेव्हापासून त्या फलाटावर बाईंचा आवाज खरखरू लागला. एका प्रवाशाने तो फोनवर टिपून समाजमाध्यमावर टाकला. त्याखाली अर्जदाराने लिहिले, "बाई, घशाला कल्हई लावून घ्या!" हा आवाज कोणत्या भोंग्यातून येतो आहे, याचा विचार ज्याने करायचा त्यानेच केला नाही.

२. लोक हसले. अर्जदाराची कळी खुलली. समोरचा चहा निवला तरी तो टिप्पणीखालचे हसरे चेहरे पाहत बसला. मग इतरांनीही तोंडाला येईल ते लिहिले. कुणी म्हणाले, बाईंनी खडी गिळली आहे. कुणी त्यांच्या नवऱ्याची कीव केली. कुणी त्या आवाजाची रिंगटोन केली. बाई स्थानकात शिरल्या की ती वाजे. एक दिवस ती बाईंच्या लेकीच्या वर्गात वाजली, आणि बाईंनी ध्वनिक्षेपक सोडला, असे वाहतूक नियंत्रकांकडून समजते. अर्जदाराने आपली टिप्पणी खोडली. पेटलेल्या गंजीतून आपली काडी तेवढी काढून घ्यावी, तसे ते झाले.

३. बाईंच्या जागी आपण यंत्रातला आवाज आणला. जोडणीला अर्जदारच होता. यंत्रातली बाईही फलाट तीनवर तश्शीच खरखरली. अर्जदाराच्या पायाखालची जमीन सरकली. भोंगा उघडला, तर आत त्याचाच डिंक. त्याने गुपचूप नवा पडदा बसवला, आणि हा दुसरा गुन्हा पहिल्याहून मोठा. यंत्र गोड बोलू लागले आणि लोक म्हणाले, "बघा, आता कसं कानाला बरं वाटतं!" म्हणजे दोष बाईंचाच होता, यावर अर्जदाराने स्वतःच्या हाताने शिक्का मारला. त्याला लाज वाटते. घरी पत्नीला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "खोट्या नावानं बोललात ना? आता खऱ्या नावानं बोला."

४. अर्ज आवक खिडकीवर द्यावा लागतो, आणि तिथे हल्ली बाईच बसतात. दोनदा अर्जदार रांगेतून खिडकीपाशी पोहोचला, आणि दातखीळ बसल्यामुळे भलत्याच गावच्या बसची वेळ विचारून मोकळा झाला. बाई बोलल्या नाहीत. दोन्ही वेळा त्यांनी कागदाच्या कपट्यावर वेळ लिहिली, खाली "धावू नका, गाडी थांबते" असेही लिहिले, आणि कपटा पुढे सरकवला. दुसऱ्या वेळी तर अर्जदार लाजेकाजेस्तव त्या बसमध्ये चढला आणि काहीही काम नसलेल्या गावी संध्याकाळपर्यंत बसून आला.

५. तरी विनंती की, बाईंची इच्छा असल्यास त्यांना नव्या पडद्यावर बोलू द्यावे. दोष कोणाचा होता, ते फलकावर अर्जदाराच्या खऱ्या नावानिशी लावावे. भोंग्यांचे काम काढून घेतल्यास तक्रार नाही. हवे तर पहिली घोषणा अर्जदाराच्या नावाची व्हावी. तो फलाट तीनवर भोंग्याखाली उभा राहील. बाई नको म्हणाल्या, तर मात्र त्यांना आग्रह करू नये. माफी आपल्याकडे मागितलेली नाही, कारण ती देणे आपल्या अखत्यारीत नाही.

आपला नम्र व खजील,
भोंगेदुरुस्तीवाला
(खरी सही)

दिनांक : आजचा. आधीच्या दोन तारखा खोडल्या आहेत.

सोबत :
१) फाटका पडदा, डिंकासह, एक नग.
२) बाईंच्या अक्षरातील कपटे, दोन. पाहून परत मिळावेत.

ता. क. अर्ज टपालाने न पाठवता खिडकीवरच देत आहे. आपल्याआधी तो बाईंच्या हाती पडेल. पाकिटाला डिंक लावलेला नाही.