दगड भरून बुडवलेली होडी

अब्बा, तुम्ही केलेली पहिली होडी अजून तरंगते आहे. आधी हेच सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला कधी खपायची नाही. नळगंगेच्या धरणावरचे ते भोईकाका आठवतात ना, ज्यांच्यासाठी ती केली होती? ते उन्हाळ्याच्या तोंडाशी मलकापूरला कारखान्यात आले. आता हा कारखाना मी चालवते. कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या जास्त, होड्या कमी. काकांचा मुलगा शेगावची लॉजवरची नोकरी सोडून घरी आलाय आणि त्याला धरणावर जाळं टाकायचंय. पण जो तो म्हणतो, एवढं जुनं फायबर, मोडून टाका. काका म्हणाले, "पोरी, तुह्या बापानं बनवली हाय, तूच सांग. तू नाही म्हणशील त पोरगा परत जाईन. हो म्हणशील त एकटा पाण्यात जाईन." म्हणजे एका माणसाचा जीव आणि पोट, दोन्ही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि वर चहा मागितला.

तुम्ही समुद्राकाठच्या होड्यांच्या कारखान्यातून परत आलात तेव्हाची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. तिकडेही सुरुवातीला लोक हसायचे, काचेची होडी कुठे असते का म्हणून. करणाऱ्यांनाच धीर नव्हता, म्हणून ते लाकडाच्या फळीएवढी जाडी होईपर्यंत थरावर थर चढवायचे. ती धास्ती तुम्ही सोबत मलकापूरला आणली. काकांची लाकडी होडी अंगणात पालथी पडली आहे, तुम्ही तिला मेण चोळता आहात, तिच्यावरूनच साचा निघणार आहे. रेझिनच्या वासानं अम्मी वैतागली आहे, भाकरीलाही तोच वास लागतो म्हणते. काचेच्या धाग्यांचं कापड, वर ते चिकट रेझिन, पुन्हा कापड. पुरे म्हणेल तो अब्बा कसला! मी विचारलं, ही किती वर्षं टिकेल? तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "कोणाले माहीत, बेटा? या जातीची होडी अजून कुठं म्हातारीच नाही झाली." मला ते उत्तर फार आवडलं होतं. अजून आवडतं.

आणि मग तो उन्हाळा. तुम्ही मला सायकलवर बसवून धरणावर नेलंत, तर होडी दिसेना. काकांनी ती दगड भरून काठाजवळ बुडवून ठेवली होती! लाकडी होडी उन्हात वाळते, फळ्यांच्या फटी उघडतात, म्हणून भोई तिला पाण्यात बुडवतात. लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. बिचाऱ्यांनी हिचीही तशीच सोय केली होती. तुमचा पारा असा चढला की बगळे उडाले. "काऊन बुडवली बे? हे लाकूड हाय का? याले तहान नाही लागत!" काकांनी मान डोलवली, दगड काढले, आम्हाला भाजलेला मासा खाऊ घातला. तुम्ही वाटेत म्हणालात, समजलं त्यांना.

कसलं समजतंय! होडी दुरुस्तीला कारखान्यात आणली तेव्हा काका स्वतःच म्हणाले, "दरसाल बुडवत होतो हो. तुह्या बापाले नाही सांगतलं, उगाच रागावला असता." मला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. त्या लाडापायी पाणी मुरून तळाला फोड आले होते. पण वर्षानुवर्षं वैशाखाचं ऊन चुकल्यामुळे वरचं अंग मात्र शाबूत राहिलं होतं. मी फोड घासून उघडले, धुतले आणि होडी पालथी घालून आपल्या या जाळणाऱ्या उन्हात चांगली वाळू दिली. मग रुपयाच्या नाण्यानं इंच न् इंच वाजवून पाहिली. कुठेही भदभद आवाज नाही, सगळीकडे टणटणीत. तुमच्या धास्तीचे ते जादा थर, अब्बा, अजून आपलं काम करत होते. जुन्या लाकडी होडीला एक पत्र्याचं ठिगळ होतं ना, त्याचा ठसाही हिच्या अंगावर तसाच आहे. ती लाकडी होडी कधीच चुलीत गेली.

तळाला मी नवे थर चढवले. एक जास्तच चढवला, रक्त कुठे जाईल? तरी "हो" म्हणायला जीभ रेटेना. मग ठरवलं, आधी मी बसते. काका हसले, "तुहा बाप त कधी नाही बसला. कधी कंबर दुखे, कधी नमाजचा टाइम होये." तुम्हाला पोहता येत नव्हतं, मलाही येत नाही. काकांच्या मुलानं वल्हं मारलं. काठ लांब गेला, तळाला खालून पाणी थपथपत होतं, पण आत एक थेंब नव्हता. मी त्याला म्हटलं, जा रे बाबा, टाक उद्यापासून जाळं. काका काठावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून ते कारखान्यातच राहील. एक मात्र तुम्हालाच सांगते, कारण तुम्हीच हसणार नाही. मधोमध गेल्यावर मी होडीचा काठ घट्ट धरून म्हटलं होतं, आता परत फिरव. भीती वाटली, अब्बा. पाण्याची. होडीची नाही.