बाबांच्या ताटातले दाणे

शिरड शहापूर
१२ मार्च २०२५

सौ. कोमलताईंना मंजुषाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमच्याकडेही कोल्हापूरला तसंच असेल असं धरून चालते. हळद उकडून झाली, थोडी अंगणात वाळत घातली आहे. ह्यांचा गुडघा दुखतो, पण मोटारसायकलवर बसलं की दुखत नाही. तुम्ही म्हणाल, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होत असताना हिला पत्र लिहायची काय हौस आली. हौस नाही, ताई. फोनवर मी तोंड उघडलं की आई शेजारी येऊन बसतात आणि "इस्पीकर लाव" म्हणतात. मला जे बोलायचं आहे ते त्यांच्या माघारीच बोलण्यासारखं आहे.

विषय पाखरांचा आहे.

बाबा गेले, त्यांचा जीव गेला त्या जागी पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. पुढचा जन्म कुठला ते पिठात उमटतं, म्हणून आपल्याकडे करतातच. सकाळी टोपलं तुम्ही उचललंत आणि म्हणालात, "आई, पाखराचे पाय. बाबा पाखरू झाले." मला ते टोपल्याच्या काड्यांचे वळ वाटले. पण अशा वेळी सुनेने बोलायचं नसतं, आणि तुमची तेव्हाची अवस्था तर... ते जाऊ द्या. तेरवी उरकून तुम्ही कोल्हापूरला गेलात. बाबा मात्र पाखरू होऊन इथेच राहिले आणि त्यांचं खाणंपिणं माझ्या अंगणात आलं.

सुरुवातीला मूठभर ज्वारी होती. मला वाटलं, चांगलं आहे, आईंचा जीव रमतो. आता ओट्यावर बाबांचं ते जर्मनचं ताट मांडलेलं असतं. त्यात ज्वारी, भाकरीचा चुरा आणि बाबांना आवडायची म्हणून शेव. चार वाजता बशीत चहा. होल्यांसारखी पाखरं चहा पीत नाहीत, असं मी एकदा सांगून पाहिलं. "पितेत. तू बघत न्हाईस," म्हणाल्या. तंबाखू तेवढी ठेवत नाहीत, हे माझं नशीब.

बातमी गावभर झाली. आधी शेजारच्या जनकाबाई आल्या, मग त्यांच्या मागून अख्खी गल्ली. जी येते ती पदरात दाणे घेऊन येते, बाबांचं नाव घेऊन "दगडोबाला घास टाकते" म्हणते आणि अंगणात फेकून जाते. झाडायचं कुणी, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. होले, पारवे, चिमण्या, साळुंक्या, सगळ्यांची जत्रा भरली आहे. वाळत घातलेल्या हळदीवर वरून काय काय पडतं ते लिहीत नाही, कारण त्यातलीच हळद तुम्हाला पाठवायची आहे.

हे सगळं मी सोसलं. पण आता होले आजारी पडायला लागले आहेत. पिसं फुगवून कोपऱ्यात बसतात. दाणा उचलतात, गिळता येत नाही, परत ताटात टाकतात. चोचीतून लाळ गळते. तेच दाणे मग दुसरा होला खातो, त्याच बशीत चोच बुडवतो. कडुलिंबाखाली एक मेलेला सापडला, तो मी हाताला पिशवी बांधून उचलला आणि औंढ्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. हे गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत, लाज वाटते म्हणाले. डॉक्टरांनी त्याची चोच उघडून दाखवली. घशात पिवळं, दह्याच्या गोळ्यासारखं काहीतरी वाढलेलं. दाणे समोर असून ते पाखरू उपाशी मेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हा रोग एकमेकांच्या लाळेतून पसरतो, आणि एका ताटावर एवढी पाखरं जमवली की पसरणारच. दाणापाणी काही आठवडे पूर्ण बंद ठेवा म्हणजे ती पांगतील. शिवारात त्यांना खायला भरपूर आहे, कुणी उपाशी मरणार नाही. भांडी साबणाने घासून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात ठेवून, कडक उन्हात वाळवा. मग पुढे थोडे दाणे टाका, संपतील तेवढेच, आणि भांडं रोज धुवा.

रोज धुवा. तिथेच तर सगळं अडलं आहे. आई ते ताट धुऊच देत नाहीत. वरच्यावर नवे दाणे ओततात, खाली जुने कुजतात. तुम्हाला माहीत आहे, लग्न झाल्यापासून आई बाबांच्या उष्ट्या ताटातच जेवल्या, वेगळं ताट कधी घेतलं नाही. मी ताटाला हात लावला तर म्हणाल्या, "त्यांचं उष्टं हाय. काहून धुतीस?" काल तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, इकडेतिकडे बघून त्यांनी त्यातले दोन दाणे उचलले आणि तोंडात टाकले. मी ओरडले. सासूवर ओरडले, हे मी नाकारत नाही.

आणि आता त्यांच्या मांडीवर एक होला असतो. आपण होऊन येतो, हातात घेतला तरी उडत नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला रोज दाखवतात तोच. तुम्ही त्याला बाबा म्हणून हाक मारता. ताई, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "रानातलं पाखरू हातात येऊन बसलं, तर ती माया नसते. त्याच्यात उडायची ताकद उरलेली नसते."

माझं ऐकायचं नाही, असं आईंनी ठरवलंच आहे. ह्यांना सांगावं तर हे म्हणतात, "तुमच्या बायकांच्या भानगडीत मी पडत न्हाई." राहिलात तुम्ही. पाखराचे पाय तुम्ही पाहिलेत, तेव्हा आता तुम्हीच आईंना सांगा की थोडे दिवस ताट उचला. तुमचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत.

एवढं कराच. रागाने लिहिलं असेल तर तो राग पाखरांवरचा समजा.

तुमची,
मंजुषा


शिरड शहापूर
२ एप्रिल २०२५

कोमलताई, नमस्कार.

पार्सल मिळालं. मी म्हटलं होतं, आईंना दाणे टाकणं बंद करायला सांगा. तुम्ही पाखरांना जेवायला हिरव्या प्लास्टिकचं घर पाठवलंत, त्याला लाल कौलं, दारावर "वेलकम" आणि सोबत चिठ्ठी, "बाबांसाठी". वर आईंना फोनवर म्हणालात, "मंजुषाचं मनावर घेऊ नको, बाबांना उपाशी ठेवू नको." मी चुलीपाशी होते, इस्पीकर चालू होता. ते घर ह्यांनी मोठ्या हौसेने कडुलिंबाला टांगलं. भानगडीत न पडणाऱ्या माणसाला त्या दिवशी शिडीसुद्धा सापडली. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

हळद विकली. भाव बरा मिळाला. ह्यांचा गुडघा तसाच. पूजाचे पेपर सुरू आहेत, आत्याला नमस्कार सांग म्हणते.

बघा, मीसुद्धा टाळतेच आहे. पार्सलवर भांडायला मी पत्र लिहीत नाही.

तो होला मेला. आईंच्या मांडीवरचा. गेल्या गुरुवारी दुपारी. सकाळपासून मान टाकून बसला होता. आई बोटाने त्याच्या चोचीत पाण्याचा थेंब सोडत होत्या, तो बाहेर ओघळत होता. मग हललाच नाही. मला वाटलं, आता आई हंबरडा फोडणार, गल्ली गोळा होणार, परत सुतक. मी मनातून घाबरले होते. त्या रडल्या नाहीत. पदराने मांडी पुसली आणि म्हणाल्या, "जरा खोल गाड. कुत्रं उकरून काढंल." मी परसात खड्डा केला, चुना टाकला, पुरला.

संध्याकाळी तुमचा फोन आला. मी कणीक मळत होते. तुम्ही रोजच्यासारखं विचारलंत, "आई, बाबा आले का?" आई उठल्या. फोन घेऊन अंगणात गेल्या आणि भिंतीवर दुसराच एक होला बसला होता, त्याच्याकडे फोन धरला. "हे बघ की, बसलेत. आज जरा लांब बसलेत." तुम्ही त्याला विचारलंत, "बाबा, जेवलात का?" मग थोडं रडलात. आई म्हणाल्या, "जेवले बाई जेवले, तू जेव आता."

मला आधी संतापच आला. फोन ठेवल्याबरोबर मी म्हटलं, "आई, ते तर मेलं ना?"

"व्हय. म्हाईत हाय मला. म्या काय येडी हाय का?"

मी कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिले. आई ओट्यावर बसल्या. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझं काही मिसळत नाही.

"पाखरू पाखरूच असतंय गं. पैले चार दिस मलाबी वाटलं व्हतं. मंग कळालं. पर कोमलला बापाचं त्वांड दिसलं न्हाई. भावकीनं घाई केली, दिस बुडायच्या आत उरका म्हणून. लेकरू येस्तवर समदी राख झाली व्हती. ती पिठात बघून म्हनली, बाबा पाखरू झाले, तवा पैल्यांदा पाणी प्याली. आता रोज इचारती. म्या काय सांगू तिला, बाप दुसऱ्यांदा बी गेला म्हणून?"

ताई, मी महिनाभर ह्या बाईला अडाणी समजून भांडत होते. दाण्यांवरून, चहावरून, हळदीवरून. आणि ती इकडे रोज चार वाजता चहाची बशी भरत होती ती तुमच्यासाठी, की संध्याकाळी तुम्हाला दाखवायला एखादं पाखरू अंगणात असावं.

मी विचारलं, "मग ते ताट? ते का धुऊ देत नाही?"

"ते माझं हाय," म्हणाल्या. "ते कोमलसाठी न्हाई." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या हिरव्या घराखाली दोन होले आणि एक चिमणी मरून पडलेली. भिंतीवरचा तो त्यांत होता की नाही, मला ओळखता आलं नाही. मी आईंना बाहेर बोलावलं. त्यांनी वाकून एकेक पाहिलं. मग स्वतः ते ताट उचललं, उकिरड्यावर दाणे ओतले, वरून माती ओढली आणि मोरीत बसून ताट घासलं. आधी राखेनं, मग साबणानं. ब्लिचिंगचं पाणी मी केलं. हात भाजतील म्हटलं तरी ऐकेनात. ताट उन्हात ठेवलं आणि आपण शेजारी बसून राहिल्या. ते हिरवं घर ह्यांनी उतरवलं, तेही धुऊन ठेवलं आहे.

दुपारी जनकाबाई पदरात ज्वारी घेऊन आल्या. आई फाटकातच आडव्या आल्या.

"आता दाने नका टाकू, बाई. पाखरं मरून राहिलीत."

"आन दगडोबा?" जनकाबाई म्हणाल्या.

"ते गेले," आई म्हणाल्या.

बाबा गेल्यापासून आईंच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. जनकाबाई ज्वारी पदरात तशीच घेऊन परत गेल्या. मी दाराआड होते. मला रडू आलं, आणि ते बाबांसाठी होतं. मलाही त्यांची आठवण येते, ताई. माझ्या हातची भाकरी जाड होते, असं रोज सांगणारं आता घरात कुणी नाही.

अजून सकाळी पाखरं येतात, भिंतीवर बसतात, मोकळ्या ओट्याकडे बघतात. आई तेवढा वेळ बाहेर येत नाहीत. डॉक्टर म्हणाले तसं रोज थोडी थोडी कमी होत चालली आहेत. पांगली म्हणजे वाचतील. हे चांगलं झालं, हे मला कळतं. पण रिकामं अंगण झाडायला मला आवडत नाही, हेही खरं.

आता तुमच्या फोनचं. आईंच्या फोनला रेंज नाही, असं ह्यांनी तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे. रेंज आहे. तुमचा फोन वाजतो, आई नाव बघतात आणि उचलत नाहीत. त्यांच्याकडे दाखवायला काही नाही. खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची छाती होत नाही, म्हणून फोन उशाखाली घालून बसतात. वाजायचा थांबला की काढून बघतात.

म्हणून खरं मी सांगते आहे. बाबा गेले, ताई. तुम्ही बसमध्ये होतात तेव्हाच गेले होते. तुमच्यासाठी थांबायला हवं होतं, थांबले नाहीत, आणि त्याला आता काही इलाज नाही. त्यांचा चेहरा शांत होता. दाढी ह्यांनी केली होती. हनुवटीला थोडं कापलं होतं, तिथे आईंनी हळद लावली. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. आम्ही सगळे तुम्हाला पाखरंच दाखवत बसलो.

आता आई त्या धुतलेल्या ताटात जेवतात. एकट्या. पहिल्यांदा वाढलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आधी कोन जेवंल?" मी म्हटलं, "तुम्हीच." बराच वेळ हात आखडून बसल्या, मग जेवल्या. हल्ली अर्ध्या भाकरीवर उठतात.

तेव्हा फोन करू नका. या. पाखरं बघायला येत असाल तर काही नाही इथे, आणि पुढचा महिनाभर नसेलही. बाबांचं तोंड बघायचं राहून गेलं. आईंचं बघायला या.

जाड भाकरी करून वाट बघणारी,
तुमची मंजुषा